माळव्याची अफू आणि कंपनीची बंदी

एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या सराफ्याचे वैभव सोन्याचांदीइतकेच अफूवर उभे होते. माळव्यातला शेतकरी सावकाराकडून उचल घेऊन अफू पिकवी आणि चीक त्यालाच देई. त्या सावकारामागे इंदूर-उज्जैनच्या सराफांचे भांडवल आणि हुंड्या असत.

ईस्ट इंडिया कंपनीला हे खुपत होते. बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता तिच्याकडे होता आणि चीनच्या बाजारात माळव्याचा माल तिच्या मालाचा भाव पाडत होता. 1805 च्या सुमारास मुंबई बंदरातून माळव्याची अफू पाठवण्यास बंदी झाली. महिदपूरच्या पराभवानंतर 1818 मध्ये होळकरांनी मंदसौरचा तह केला आणि माळव्यावर इंग्रजांचे वर्चस्व बसले. कंपनीने आधी अफू स्वतः खरेदी करून पाहिली. पण त्यामुळे भाव चढला, लागवड उलट वाढली. मग 1824 नंतर तिने संस्थानिकांशी करार करून खासगी व्यापार रोखायचे ठरवले. शिंदे मात्र या करारांत आले नाहीत आणि त्यांचा मुलूख तर माळवाभर विखुरलेला.

व्यापाऱ्यांनी अर्ज-विनंत्यांवर भिस्त ठेवली नाही, वाट बदलली. माल पाली, जेसलमेरवरून उंटांच्या तांड्यांनी कराचीला आणि तिथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला जाई. पुढे तो चीनला पोचे. रस्ता लांबचा आणि जोखमीचा होता; तरी ही साखळी तुटली नाही, कारण सराफाची हुंडी कंपनीच्या चौकीपलीकडेही वटत होती. फौजेने जिंकलेल्या मुलखात कंपनी बाजाराकडून हरली, हे इथे स्पष्ट दिसते.

1830 च्या सुमारास बंदी सोडून परवाना पद्धत आली. पेटीमागे 175 रुपये भरले की माल उघडपणे मुंबईला नेता येई. तरीही कराचीची वाट चालूच राहिली, म्हणून 1835 मध्ये दर 125 वर आणावा लागला. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती वाट बुजली. मग दर वाढत वाढत 1847 मध्ये 400 रुपयांवर गेला.

या झुंजीला स्वातंत्र्यलढा म्हणणे चुकीचे ठरेल. नफा सराफाचा आणि कंपनीचा झाला, व्यसनाची किंमत चीनच्या घराघरांनी मोजली आणि माळव्याचा शेतकरी कर्जातच राहिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनकडची निर्यात थांबली. तोवर अफूत कमावलेला पैसा इंदूरच्या कापडगिरण्यांकडे वळू लागला होता.