समासातले शहाणपण

दासबोधाचे अठरा दशक ओलांडून, माया, ब्रह्म, पंचमहाभूते आणि आत्मानात्मविवेक यांच्या चढणी चढून आलेला वाचक एकोणिसाव्या दशकाशी पोहोचतो, तेव्हा आता काही परमगुह्य हाती लागणार अशा अपेक्षेने त्याने पान उलटावे, आणि तेथे बोरू कोणता निवडावा, शाई कशी साठवावी, दोन ओळींत अंतर किती राखावे यांविषयीची ताकीद त्याच्या पुढ्यात यावी, हा त्या ग्रंथातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग आहे. वीस दशक, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या एवढा ज्याचा विस्तार, त्या ग्रंथाच्या कर्त्याला अक्षराच्या वळणासाठी एक अख्खा समास खर्ची घालावासा वाटला, यात त्याच्या जीवनदृष्टीचे मर्म आहे असे मला वाटते. सुखी आयुष्याचे रहस्य सांगणाऱ्या पुस्तकांचा आज सुकाळ आहे. परंतु त्यांतील बहुतेकांचा ओढा मनाच्या मोठमोठ्या अवस्थांकडे असतो, आणि मेजावरच्या दौतीकडे पाहण्याची फुरसत त्यांतल्या फार थोड्यांना असते.

या ग्रंथाचे कर्ते समर्थ रामदास यांचा जन्म 1608 मध्ये मराठवाड्यातील जांब येथे झाला. घरात गावचे कुलकर्णीपण होते, म्हणजे जमाबंदीचे कागद, रुमाल आणि दफ्तर यांचा सहवास पिढीजात होता. पुढे दासबोधाचे लेखन महाडजवळच्या शिवथरघळीत झाले, समर्थ ओव्या सांगत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी त्या उतरून घेत, अशी परंपरा आहे. सह्याद्रीच्या त्या कुशीतला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला त्या दमट हवेत कागदाची काय दशा होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

लेखनक्रियेच्या त्या समासातील दोन सूचना मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की पानाच्या चहूबाजूंना कोरी जागा सोडून मजकूर मधोमध लिहावा, म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आपण समास सोडतो तो शोभेसाठी किंवा शाळेतल्या मास्तरांच्या धाकाने. समर्थांना त्यात नासाडीचा हिशेब दिसतो. कागद झडणारच, हे त्यांनी गृहीत धरले आहे, त्याबद्दल हळहळ नाही की तक्रार नाही. फक्त जे झडणार आहे त्यावर मोलाचे काही ठेवू नये, एवढीच व्यवस्था त्यांनी आधी करून ठेवली आहे. प्रकृती, पैसा, नोकरी, माणसांची मर्जी या साऱ्यांच्या कडा अशाच झडत असतात, आणि तरीही मिळकतीच्या शेवटच्या पैपर्यंत खर्च आखणारी व दिवसाच्या शेवटच्या घटकेपर्यंत कामे कोंबणारी आपण मंडळी कागदाच्या अगदी काठापर्यंत लिहीत असतो.

दुसरी सूचना त्याहूनही मार्मिक आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण तेच पुढे म्हातारपणी स्वतःला वाचता येत नाही. म्हणून अक्षर मध्यम असावे. चष्म्याचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळात या सल्ल्याचे मोल केवढे असेल, याची कल्पना करावी. तरुण डोळ्यांना आपल्या तीक्ष्णतेचा अभिमान असतो, बारीक लिहिले तर कागदही वाचतो. परंतु लिहिणारा आणि पुढे वाचणारा हे एकाच देहात राहणारे दोन निरनिराळे इसम आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याची सोय पाहिली पाहिजे, हे ज्याला उमजले, त्याला काटकसर, व्यायाम आणि मितभाषण यांवर वेगळे व्याख्यान देण्याची जरुरी उरत नाही.

अकराव्या दशकातल्या 'शिकवणनिरूपणा'त हीच दृष्टी दिनचर्येला लावलेली आढळते. पहाटे उठून काही पाठांतर करावे. शौचाला दूर जावे, पण परतताना रिकाम्या हाताने येऊ नये, काहीतरी कामाचे घेऊन यावे. आधी काही मिळवावे, मग जेवावे. जे लोक अडचणीत गुंतले असतील त्यांचा गुंता सोडवावा. एक क्षणही रिकामा दवडू नये. परमार्थ सांगणारा पुरुष प्रपंचाची इतकी चौकस विचारपूस करतो, याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण बाराव्या दशकाच्या आरंभीच त्याने आधी प्रपंच नेटका करण्याची अट घालून ठेवलेली आहे.

दुसऱ्या दशकातील मूर्खांची यादी सर्वश्रुतच आहे. कारण नसताना हसणारा, आपली स्तुती आपणच करणारा, वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, चारचौघे जागे असताना त्यांच्यामध्ये झोपणारा, परक्या घरी पोटाला तडस लागेपर्यंत जेवणारा, ही सारी पात्रे आपल्या चाळीत आणि कचेरीत आजही सुखेनैव नांदत आहेत. अर्थात त्या यादीतले सगळेच निवाडे आज कायम करता येणार नाहीत. सासऱ्याच्या घरी राहणारा मूर्ख, हा दाखला मुंबईतल्या जागांचे भाव पाहता फेरविचारासाठी परत पाठवावा लागेल. आणि ज्या काही ठिकाणी स्त्रियांविषयी व जातिकुळाविषयी त्या काळाची समजूत बोलते, तेथे समर्थांचेच विवेकाचे माप त्यांच्या ओव्यांना लावण्यास कचरू नये.

त्या यादीतल्या एका मूर्खापाशी मात्र मी दरवेळी थबकतो. तो स्वतः पुस्तक वाचीत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, नुसते बांधून बंदोबस्तात ठेवतो. गंमत अशी, की एकोणिसाव्या दशकातल्या लेखनक्रियेच्या समासात पुस्तकांसाठी बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे बाळगण्याची शिफारस आहे. वरवर पाहता हा विरोध वाटतो. पण कुलूप लावणे हा मूर्खपणा नव्हे, कुलूप न उघडणे हा आहे. जतन आणि वापर यांच्यामधला हा तोल साधणे किती कठीण आहे, हे ज्यांच्या घरात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली भांडी आणि सणासाठी ठेवलेले रेशमी वस्त्र वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून आहे, त्यांना पटेल.

खुद्द दासबोधाच्या बाबतीत हा तोल कसा साधला गेला, हे पाहण्यासारखे आहे. धाराशिव जिल्ह्यातील परांडे तालुक्यात डोमगावचा मठ आहे. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानलेली दासबोधाची प्रत तेथे पिढ्यान्पिढ्या जपली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते धुंडाळण्यात आपले आयुष्य वेचले, ते या मठापर्यंत पोहोचले, आणि मठातल्या त्या प्रतीच्या आधारे त्यांनी ग्रंथ छापून लोकांच्या हाती दिला. मठाने पेटी सांभाळली, देवांनी ती उघडली.