फोल्डरमध्ये या अनोळखी फाइल्स येतात कुठून?

आज मार्केटिंग नाही, फंडिंग नाही. आज एका फोल्डरची गोष्ट सांगतो, कारण ती वेळेत कळली नसती तर एका छोट्या मसाला युनिटची दोन दिवसांची बिलं गेली असती.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा सोमवारी सकाळी फोन आला. "सर, बिलिंगच्या फोल्डरमध्ये तीसेक विचित्र फाइल्स आल्यात. नाव म्हणजे नुसते आठ आकडे-अक्षरं, पुढे एक्स्टेन्शनच नाही. आणि शनिवारची बिलं दिसत नाहीत!" गावातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा होता. मी म्हटलं, ताई, थांबा. काहीही डिलीट करू नका, फाइलवर डबल क्लिकही नको.

सगळ्यात आधी काय बघायचं? वेळ. फोल्डरमध्ये 'डेट क्रिएटेड' हा कॉलम लावा. ताईंकडे सगळ्या फाइल्स दुकान चालू असतानाच्या होत्या. रात्री एकही नाही, रविवारी एकही नाही. म्हणजे माणूस काम करत असताना काहीतरी होतंय. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' टॅबवर 'ओनर' बघितला, तर तिथे गोडाऊनच्या लॅपटॉपसाठी बनवलेल्या युजरचं नाव! अर्धं काम इथेच झालं.

पण नेमका प्रोग्रॅम कोणता? यासाठी मायक्रोसॉफ्टचंच 'प्रोसेस मॉनिटर' हे फुकट टूल आहे, सिसइंटर्नल्स नावाच्या संचातलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, दुसरीकडून नको. इन्स्टॉल करावं लागत नाही, राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. उघडल्याबरोबर हजारो ओळी धावायला लागतात. घाबरू नका. कंट्रोल-एल दाबा आणि फिल्टर लावा: 'पाथ', 'कंटेन्स', आणि तुमच्या फोल्डरचं नाव. शिवाय फिल्टर मेनूत 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करा, नाहीतर दिवसभरात मेमरी भरून पीसी रडायला लागेल.

आता एक गंमत, इथे बरेच जण फसतात. 'क्रिएटफाइल' असं दिसलं की फाइल नवीन बनली असं वाटतं. तसं नसतं. जुनी फाइल नुसती उघडली तरी हेच नाव येतं. 'डिटेल' कॉलममध्ये 'ओपन रिझल्ट: क्रिएटेड' असेल तरच फाइल खरोखर तयार झाली.

ताईंच्या पीसीवर नाव काय आलं? 'सिस्टिम'. झालं, कॉम्प्युटरवाला म्हणाला, "बघा, विंडोजच खराब आहे!" अहो, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या मशीनवरून कुणी लिहिलं की इकडे 'सिस्टिम' असंच दिसतं. गुन्हेगार तिकडे बसलेला असतो. म्हणून तेच टूल गोडाऊनच्या लॅपटॉपवर चालवलं आणि मुलाला नेहमीसारखं एक बिल सेव्ह करायला सांगितलं. नाव आलं: एक्सेल.

एक्सेल सेव्ह करताना तुमच्या फाइलवर थेट लिहीत नाही. आधी त्याच फोल्डरमध्ये अशाच विचित्र नावाची तात्पुरती फाइल बनवतं, तिच्यात सगळं लिहितं, मग जुनी फाइल बाजूला काढून नव्या फाइलला मूळ नाव देतं. ताईंच्या इथे पहिली पायरी होत होती, पुढच्या पायरीला 'रिझल्ट' कॉलममध्ये 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत होतं. का? शुक्रवारी भाच्याने त्या युजरची डिलीटची परवानगी काढली होती. "चुकून कुणी बिल उडवू नये" म्हणून! हेतू चांगला, पण नाव बदलायलाही तीच परवानगी लागते. मुलाला स्क्रीनवर एरर येत होती, तो ओके दाबून पुन्हा सेव्ह करत होता, आणि दर वेळी एक नवी फाइल मागे राहत होती.

म्हणजे ज्या फाइल्सना सगळे व्हायरस समजत होते, त्यांच्यातच शनिवारची बिलं होती. ताईंनी सगळ्यात शेवटच्या फाइलची कॉपी काढली, नावापुढे डॉट एक्सएलएसएक्स लावलं, एक्सेलमध्ये उघडली. शनिवार संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या एन्ट्री हजर.

मग त्या युजरला 'मॉडिफाय' परवानगी परत दिली, आणि चुकून डिलीट होण्याची भीती होती म्हणून रोज रात्री फोल्डरची कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायला लावली. परवानगी ठीक असूनही तुमच्याकडे असं होत असेल तर अँटिव्हायरस किंवा मध्येच तुटणारं वाय-फाय तपासा, सेव्ह त्यांच्यामुळेही अर्धवट राहतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. तुमच्या जुन्या फाइल्सचीच एक्स्टेन्शन्स बदलली असतील आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर हे टूल वगैरे काही नको. आधी नेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा आणि जाणकार माणसाला बोलवा.

ताईंचं रिटर्न १० तारखेलाच गेलं. भाच्याला अजून चिडवतात.