जुन्या पिकअपला गिअरबॉक्स कोणता?

आखातातून परतलेला गाडीमालक जुनी पिकअप गॅरेजच्या दारात उभी करतो आणि म्हणतो, "उस्ताद, इंजिन-बॉडी होईलच, पण हिला ऑटोमॅटिक गिअर बसवून द्या." तिकडे आठ-दहा वर्षे क्लच न दाबता गाडी चालवलेली असते, इकडे डावा पाय दुखू लागतो. मागणी समजण्यासारखी आहे. पण गिऱ्हाइकाने मागितले म्हणून मिस्तरीने लगेच हो म्हणावे का?

ऑटोमॅटिक गिअर नवा नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारीत हायड्रामॅटिक दिला आणि १९५४ मध्ये तो शेवरोलेच्या पिकअपवरही मिळू लागला. योगायोग असा की, मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेवरोले गाड्या जोडणारा याच कंपनीचा कारखाना त्याच १९५४ साली बंद झाला. आपल्याकडे राहिल्या त्या हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या, आणि त्यांत सर्वांत जास्त महिंद्राच्या जीप व त्यांवरच्या पिकअप. खानदेशात आज दुरुस्तीला येते तीही बहुधा हीच.

या जीपमध्ये ऑटोमॅटिक बसवता येत नाही असे नाही. पण तो गिअर कधी बदलायचा हे पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम आणि फेरे यांच्या हिशेबाने ठरवलेले असते. डिझेल इंजिनाला तसा व्हॅक्यूम सहसा नसतो, त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. फेरे कमी असल्याने गिअर वेळेवर वर चढत नाही. त्यात साठएक हॉर्सपॉवरच्या प्यूजो डिझेलची बरीच ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्येच खर्च होते. उरलेल्या ताकदीवर माल घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा, आणि वैशाखात! ऑइल थंड करायला वेगळा कूलर नसेल तर बॉक्स जळालाच समजा. शिवाय बॅटरी उतरली की चार जणांनी धक्का मारून गाडी सुरू करणे, हा आपला हुकमी इलाज ऑटोमॅटिकवर चालत नाही. गाडी ओढून आणायची तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडावा लागतो. हे सगळे गिऱ्हाइकाला कामाला हात लावण्याआधी सांगावे. ऐकूनही त्याने हट्ट धरला तर तो त्याचा निर्णय.

दुसरा प्रश्न, गाडी कशासाठी बनवायची आहे? २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशा गाडीचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. मालकाला तशी नंबर प्लेट हवी असेल तर मूळचा तीन गिअरचा टी-९० बॉक्सच दुरुस्त करावा. त्याच्या पहिल्या गिअरला पितळी रिंग नसते, म्हणून गाडी थांबल्याशिवाय तो टाकता येत नाही. टाकायचाच तर डबल क्लच मारावा लागतो. नव्या ड्रायव्हरला हे शिकवूनच चावी द्यावी.

केळी, भाजीपाला किंवा लोखंडी माल वाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. चार गिअरचा केएमटी-९० कियाच्या तंत्रावरचा, सोसणारा बॉक्स आहे. रोजचा रस्ता जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे असा सपाट असेल तर पाच गिअरचा बीए-१० घेतल्यास इंजिन कमी ओरडते. पण सेंधव्याकडे बिजासन घाटात पाचवा गिअर कामाचा नाही. नावाकडेही लक्ष असू द्या: टी-९०, केएमटी-९० आणि बॉक्समध्ये घालायचे ऑइलही नव्वदचेच! फोनवर नुसते "नव्वदचा बॉक्स पाठवा" म्हटले तर भलताच माल ट्रान्सपोर्टने येऊन पडेल. आधी बेलहाऊसिंगच्या बोल्टांमधले अंतर, पुढच्या शाफ्टची लांबी व खाचा, क्लच प्लेटचा व्यास आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी मोजून कागदावर लिहून ठेवावी.

माल बहुधा कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारातूनच येतो. घेताना ऑइलचा बोल्ट उघडून पाहा. बारीक सोनेरी भुकटी दिसली तर पितळी रिंगा झिजल्या आहेत, त्या बदलता येतात. पोलादाच्या चकत्या निघाल्या तर दात किंवा बेअरिंग गेले. आणि लाकडाचा भुसा निघाला तर? घरघर करणाऱ्या बॉक्सचा आवाज दाबण्याची ती जुनी युक्ती आहे. गाडी विकेपर्यंत बॉक्स शांत, महिन्याभरात खलास.

सहीह मुस्लिममधील हदीस आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले. भुसा घातलेला गिअरबॉक्स ही तीच रास आहे, फक्त लोखंडाची. झिजलेला बॉक्स विकणे गैर नाही. झीज सांगून, त्याप्रमाणे भाव लावून विकावा.

बसवण्याचे काम टर्नरच्या हातात असते. इंजिन एका गाडीचे आणि बॉक्स दुसऱ्या गाडीचा असेल तर मधली प्लेट लेथवर करावी लागते. त्या प्लेटचा मध्य क्रँकच्या मध्याशी जुळला नाही तर पुढचे बेअरिंग लवकर जाते आणि गिअर आपोआप सुटू लागतो. मग दोष मिस्तरीच्या माथी. डायल गेज लावून पाहावे, पाच थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर पिना पुन्हा बसवाव्यात. अंदाजाने भोके पाडून बोल्ट आवळू नयेत. ऑइल जीएल-४ दर्जाचे घ्यावे. जीएल-५ पितळी रिंगांना बाधते.

बिलावर बॉक्सचे नाव, नवा की जुना, कोणते भाग बदलले, हे स्पष्ट लिहून मालकाची सही घ्यावी. काढलेला मूळ बॉक्स मालकाची अमानत आहे. तो भंगारात न टाकता गाडीसोबत परत द्यावा.