मूत्रपिंडाचा विकार आणि ताटातला मासा

‘क्रिएटिनिन वाढले आहे’ असे सांगितले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘डॉक्टर, आता मासे बंद ना?’’ आमची शनिवार पेठ मासे खाणाऱ्यांची म्हणून ओळखली जात नाही. तरी माझ्या रुग्णांत मूळची कोकणातली घरे आहेत, आणि रविवारी त्यांची पिशवी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जातेच.

मासे सरसकट बंद करण्याचे कारण नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. प्रथिनांच्या पचनातून निघणारी युरियासारखी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती थकली की प्रथिने बेताची हवीत. डायलिसिस सुरू नसलेल्या 60 किलो वजनाच्या रुग्णाला साधारणपणे दिवसाला 36 ते 48 ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम माशात सुमारे 20 ग्रॅम असतात. म्हणजे सुरमईचा किंवा पापलेटचा एक मध्यम तुकडा चालेल, पण त्या दिवशी उसळ, पनीर, अंडे नको. पुष्कळ घरांत मासे बंद होतात आणि पापड-लोणचे मात्र सुखाने चालू राहते! त्यातले मीठ रक्तदाब वाढवते, पायांवर सूज आणते.

खारा बांगडा याच कारणाने वर्ज्य. सुके बोंबील, सुकट यांत मीठ कमी असले तरी पाणी उडून गेल्याने प्रथिने व फॉस्फरस मूठभरात एकवटलेले असतात. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतही फॉस्फरस अधिक. नारळाचे दूध व चिंच यांत पोटॅशियम असते. ते रक्तात वाढलेले असेल तर रस्सा वाटीभर ओरपू नये. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियम’चे मीठ तर मनाने आणूच नये, त्यात बहुधा पोटॅशियम घातलेले असते व ते हृदयाला घातक ठरू शकते.

उजनीचे रोहू-कटला घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. या माशांची पित्ताची पिशवी मधुमेहावर औषध म्हणून गिळणारे लोक आहेत. तिच्यातल्या विषाने धडधाकट माणसाची मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडल्याची उदाहरणे आपल्या देशात नोंदलेली आहेत. शिजवूनही ते विष जात नाही.

डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. प्रत्येक वेळी काही प्रथिनद्रव्ये धुऊन जातात, म्हणून त्याच रुग्णाला आता 60 ते 72 ग्रॅम प्रथिने लागतात. माझ्या एका साठीच्या रुग्णाला घरच्यांनी मायेपोटी जुनेच पथ्य चालू ठेवले होते. माणूस सुकत गेला, जिना चढवेना. रक्तातले अल्ब्युमिन उतरलेले होते. आहारतज्ज्ञांनी रोज मासा किंवा अंड्याचा पांढरा भाग सुरू करायला सांगितले, तेव्हा त्यांच्या पत्नीने तीनदा विचारून खात्री करून घेतली. डायलिसिस सुरू होताना आहाराचा कागद नव्याने लिहून मागावा, आणि जुना फाडून टाकावा.