नाकारलेल्या पीक विम्याचा हप्ता कापला गेल्यास

पीक कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यातून विम्याचा हप्ता परस्पर वळता करण्याची रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की, पुष्कळांना ती कर्जाचीच एक अट वाटते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीप हंगामात सुरू झाली, त्या वेळी ती तशी होतीही. अधिसूचित पिकासाठी कर्ज घेणाऱ्यास विमा घेणे तेव्हा बंधनकारक होते. परंतु २०२० च्या खरिपापासून हे बंधन उठविण्यात आले असून, कर्जदार शेतकऱ्याने योजनेत सहभागी व्हावे की न व्हावे, हे त्याच्या इच्छेवर सोपविण्यात आले आहे.

येथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानी घेतली पाहिजे. विमा ऐच्छिक झाला म्हणजे बँक प्रत्येक हंगामात विचारून हप्ता कापील, असे नाही. उलट, शेतकऱ्याने नकार कळविला नाही तर त्याची संमती आहे असेच धरले जाते. ज्यास विमा नको असेल त्याने तसे लेखी घोषणापत्र विमा नोंदणीच्या अंतिम तारखेपूर्वी निदान ७ दिवस आपल्या बँकेत दिले पाहिजे. खरिपाची ही तारीख सामान्यतः ३१ जुलैच्या सुमारास असते. पुष्कळदा तिला मुदतवाढ मिळते. परंतु मुदतवाढीच्या भरवशावर कागद घरी ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून काही हंगाम शेतकऱ्याकडून केवळ १ रुपया घेतला जात असे. त्या काळात नको असलेला विमा उतरविला गेला तरी कोणी फारशी दखल घेत नसे. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली व शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत झाला : विमा संरक्षित रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आणि नगदी पिकांस ५ टक्क्यांपर्यंत. समजा, संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर २ हेक्टर सोयाबीनचा हप्ता २,००० रुपये होतो; आणि ५ टक्के दराच्या पिकास तेवढ्याच रकमेवर ५,००० रुपये पडतात. ऐन पेरणीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हे.

खरे नुकसान याहूनही निराळे आहे. हप्ता बहुधा बचत खात्यातून नव्हे, तर कर्ज खात्यातून कापला जातो. म्हणजे ती रक्कम कर्जात मिसळते व तिजवर व्याज चढू लागते. शेतकरी आपल्या हिशेबाने उचलीची रक्कम फेडतो आणि निश्चिंत होतो. खात्यावर मात्र दीड-दोन हजारांची बाकी राहून जाते. मुदतीत संपूर्ण परतफेड करणाऱ्यास जी व्याजसवलत मिळते, ती अशा किरकोळ बाकीपायी धोक्यात येऊ शकते. म्हणून ‘दोन हजारांसाठी कोण हेलपाटे घालतो’ असे म्हणून हा विषय सोडून देऊ नये.

नकार देऊनही हप्ता कापला जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तोंडी व्यवहार. शेतकरी सोसायटीत जातो, गटसचिवांना सांगतो, “भाऊसाहेब, यंदा विमा नको.” ते “बरं” म्हणतात. दोघेही खोटे नसतात. पण बँकेत यादी जाते तेव्हा त्या ‘बरं’चा कोठेही मागमूस नसतो. काही वेळा घोषणापत्र लिहून दिलेले असते, परंतु त्याची पोच घेतलेली नसते, किंवा पोचेवर तारीख नसते. येथे सारा प्रश्न ७ दिवसांच्या मुदतीचा असल्याने तारीख नसलेली पोच जवळपास निरुपयोगीच होय. कधी असेही घडते की, शेतकऱ्याने सामूहिक सेवा केंद्रातून स्वतःच विमा उतरविलेला असतो आणि बँकही त्याच पिकाचा हप्ता कापते. एकाच क्षेत्रावर दुहेरी विमा चालत नाही. सबब हा घोळ नुकसानीची वेळ येण्यापूर्वीच निस्तरला पाहिजे.

म्हणून घोषणापत्राच्या दोन प्रती कराव्यात. त्यांत खाते क्रमांक, हंगाम व वर्ष, पिकाचे नाव, गट क्रमांक व क्षेत्र नमूद करावे. एक प्रत शाखेत द्यावी व दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. कर्ज सोसायटीमार्फत असल्यास सोसायटीबरोबर बँकेच्या शाखेतही प्रत द्यावी. मागील वर्षीच्या नकारावर विसंबून न राहता दर हंगामास नवे घोषणापत्र देणे अधिक सुरक्षित.

इतके करूनही हप्ता कापला गेला, तर पहिले काम पासबुक भरून घेण्याचे. केवळ कर्जाचे पासबुक हाती नसल्याने ही वजावट महिनोन्‌महिने कळत नाही, असा प्रकार विरळा नाही. नोंद दिसताच त्याच आठवड्यात शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा. अर्जात वजावटीची तारीख व रक्कम लिहावी, घोषणापत्राच्या पोचेची छायाप्रत जोडावी, आणि रक्कम वजावटीच्या तारखेपासून जमा धरून तीवरील व्याजही परत करावे, अशी स्पष्ट मागणी करावी. हे शेवटचे वाक्य बहुतेक अर्जांत नसते. मग मूळ रक्कम मिळते, व्याज राहून जाते. या अर्जाचीही पोच घ्यावी.

घाई करण्याचे कारण असे की, कापलेला हप्ता ठरावीक मुदतीत विमा कंपनीकडे जातो व शेतकऱ्याचे नाव योजनेच्या पोर्टलवर चढते. तत्पूर्वी चूक उघडकीस आल्यास ती शाखेतच दुरुस्त होण्यासारखी असते. रक्कम पुढे गेल्यानंतर “पैसे कंपनीकडे गेले, आता आमच्या हाती काही नाही” असे उत्तर मिळू शकते. परंतु नकार वेळेत पोचला असेल, तर चूक बँकेची आहे. कंपनीकडून रक्कम कशी परत आणावयाची, हा बँकेचा प्रश्न होय. शेतकऱ्याने आपली मागणी बँकेकडेच ठेवावी.

लेखी तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यासंबंधी माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या व्यवस्थेबाहेर होत्या, त्या नोव्हेंबर २०२५ पासून तीत आल्या आहेत. गावची सोसायटी मात्र बँक नसल्याने तिच्याविषयीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. विमा योजनेसंबंधीच्या तक्रारींकरिता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते, व कृषि रक्षक ही दूरध्वनी सेवा १४४४७ या क्रमांकावर आहे.

ज्याने घोषणापत्रच दिले नाही, त्याची बाजू लंगडी पडते, हे सांगणे प्राप्त आहे. त्याची वजावट नियमास धरून झालेली असते व विमाही लागू असतो. तसेच पीक कसे येते ते पाहून, चांगले आले तर हप्ता परत मागावयाचा, असा बेत कोणी करू नये. तो टिकत नाही.

बचत खात्यातून दर वर्षी मेअखेर जीवन ज्योती विम्याचे ४३६ व सुरक्षा विम्याचे २० रुपये वळते होतात, त्यांनाही हीच रीत लागू करावी : नको असल्यास मेच्या प्रारंभीच लेखी अर्ज व त्याची पोच.

हप्त्याची रक्कम परत जमा झाल्यावर पासबुकातील नोंदीची तारीख व व्याज तपासावे, आणि पोर्टलवरील आपला विमा अर्जही रद्द झाला आहे की नाही, याची शाखेत खात्री करून घ्यावी.