पुठ्ठा, बेगड आणि नरसाळे

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री, दार उघडणाऱ्याला सोंग घेऊन खाऊ मागायला आलेल्या पायरीवरच्या मुलाची आधी आकृती दिसते, बारकावे मागाहून. म्हणून चित्रपटातल्या पात्राचे सोंग घरी करायचे, तर नुसत्या सावलीवरून ओळखू येईल असे पात्र निवडावे. अमेरिकेतल्या तयार पोशाखांवर पात्राचे पिळदार दंडसुद्धा पॉलिएस्टरवर छापलेले असतात. ही खोड जुनीच. १९३७ मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेल्या बेन कूपर कंपनीने प्लॅस्टिकचा मुखवटा आणि पातळ झगा घरोघरी पोचवला. झग्याच्या छातीवर पात्राचे चित्र, पुष्कळदा नावही असे. ज्या सोंगाला नावाची पाटी लागते, ते वठले असे कसे म्हणायचे?

खुद्द चित्रपटवाल्यांनी असला घरगुती खटाटोप केला आहे. १९७८ च्या ‘हॅलोविन’ चित्रपटातल्या मायकल मायर्सचा भयाण चेहरा मुळात ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरांच्याही आत मिळालेला मुखवटा होता. चित्रपटाचे कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी त्याचे कल्ले आणि भुवया काढल्या, डोळ्यांची भोके वाढवली आणि वर पांढरा रंग फवारला.

घरच्या सामानातून उभा राहणारा सर्वांत सोयीचा गडी म्हणजे १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधला टिनमॅन, म्हणजे पत्र्याचा माणूस. त्याच ऑझमध्ये घडणाऱ्या ‘विकेड’चे दोन भाग २०२४ आणि २०२५ मध्ये आल्यापासून ऑझची मंडळी पुन्हा मुलांच्या तोंडी आहेत. नळकांड्यासारखे धड, डोक्यावर नरसाळे आणि हातात कुऱ्हाड एवढ्यावर तो ओळखू येतो.

धडासाठी फ्रिजच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्यावा. पन्हळी उभ्या ठेवल्या तर तो सहज गोल वळतो. आडव्या ठेवल्या तर मोडतो आणि पिंपाऐवजी चौकोनी डबा तयार होतो. घेर छातीच्या मापापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर जास्त हवा, कारण ऑक्टोबरअखेरच्या थंडीत आत स्वेटर असतोच. उंची काखेपासून कमरेपर्यंत पुरे. त्याखाली गेलेला पुठ्ठा बसताना मांड्यांवर टेकतो आणि वर सरकून हनुवटीला लागतो. खांद्यांवर रुंद नाडीचे दोन पट्टे लावावेत. बारीक दोरी रुतते.

दंड आणि मनगट यांच्या नळ्या वेगवेगळ्या कराव्यात. मधे कोपरापाशी आतली करडी बाही उघडी राहिली तरी चालते. गंजून अडकलेल्या सांध्यांचा भास त्या फटीमुळेच होतो. स्वयंपाकघरातला चांदीसारखा कागद, म्हणजे आजचा बेगड, चटकन चमकतो, पण घडीवर फाटतो. पुठ्ठ्यावर आधी पांढऱ्या रंगाचा हात देऊन मग चंदेरी रंग लावला तर तो रात्रभर टिकतो. रिबिटांच्या जागी शर्टाची बटणे चिकटवून त्यांवरही रंग द्यावा. शेवटी पातळ काळा रंग सांध्यांत भरून लगेच फडक्याने पुसावा. खाचेत काळे राहते, वर चंदेरी, आणि पुठ्ठा जुन्या पत्र्यासारखा दिसू लागतो. बेगडीपणा घालवणारी करामत ती हीच.

नरसाळ्याचे गणित सोपे आहे. अर्धवर्तुळ गुंडाळून केलेल्या शंकूच्या तोंडाचा व्यास त्या अर्धवर्तुळाच्या त्रिज्येएवढा भरतो. सोळा सेंटिमीटरचे तोंड हवे असेल तर त्रिज्याही सोळाच घ्यायची. टोक छाटून तिथे कागदाची नळी बसवावी आणि हनुवटीखालून इलॅस्टिक घ्यावे. त्याचे गंजणारे सांधे तेलानेच सुटतात, म्हणून शिवणयंत्राला तेल घालायची कुपी हातात दिली की दुसरी ओळख पटवावी लागत नाही. कुऱ्हाड पुठ्ठ्याचीच ठेवावी.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र चित्रपटाचा धडा उलट आहे. टिनमॅनच्या भूमिकेसाठी आधी बडी एब्सन यांची निवड झाली होती. चेहऱ्यावरची अॅल्युमिनियमची भुकटी त्यांच्या फुप्फुसांत गेली आणि चित्रीकरण सोडून त्यांना रुग्णालयात जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या जॅक हेली यांना भुकटीऐवजी लेप लावला गेला. घरी तर भुकटी नकोच आणि पुठ्ठ्यावरचा रंगही चेहऱ्याला लावायचा नाही. त्वचेसाठी बनवलेला पाण्याने धुता येणारा रंग घ्यावा, दोन दिवस आधी दंडावर लावून पाहावा आणि डोळ्यांच्या कडा मोकळ्या सोडाव्यात.

चंदेरी रंग मोटारीच्या दिव्यात पुरेसा चमकत नाही, म्हणून पाठीवर परावर्तक पट्टी हवी. हॅलोविनसाठी कोरून दारात ठेवलेल्या भोपळ्यात पेटती मेणबत्ती असेल तर पुठ्ठ्याने तिच्यापासून लांब राहावे. शेवटची चाचणी घरातच घ्यावी. हेली यांचा पोशाख इतका ताठ होता, की त्यांना बसता येईना. फळीला टेकून विसावा घ्यावा लागे. घरच्या टिनमॅनला खुर्चीत बसता आले, दोन पायऱ्या चढता आल्या आणि चॉकलेटसाठी पिशवी पुढे करता आली, की पोशाख तयार.