हृदयकृमी : आधी तपासणी, मग औषध

कुत्र्याला गोचिड्या झाल्या की आपण तत्काळ उपाय करतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात. हृदयकृमी मात्र दिसत नाही. तो आत वाढत असतो आणि कुत्रे शेपूट हालवीत घरभर हिंडत असते. माणसातील हत्तीरोगाच्या कृमींच्या गोतातलाच हा कृमी. त्याचाही वाहक डासच. आपल्या देशात ईशान्य भागात तो विशेष आढळतो.

डासाच्या चाव्यातून शिरलेल्या अळ्या सुमारे ६ ते ७ महिन्यांत प्रौढ होऊन फुफ्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या भागात ठाण मांडतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. हे कृमी ५ ते ७ वर्षे जगतात. खोकला, धाप, घटते वजन ही लक्षणे दिसेतो बरीच हानी झालेली असते.

तपासणी दोन प्रकारची. रक्तात वळवळणारी सूक्ष्म पिल्ले सूक्ष्मदर्शकाखाली शोधणे ही एक. प्रौढ मादीपासून रक्तात उतरणारे विशिष्ट द्रव्य ओळखणे ही दुसरी. आत एकाच लिंगाचे कृमी असतील, तर पिल्ले सापडतच नाहीत. उलट मुंबई-केरळाकडे आढळणारा, त्वचेखाली राहणारा त्याचा सौम्य भाऊबंदही रक्तात पिल्ले सोडतो. म्हणून दोन्ही तपासण्या एकमेकींच्या जोडीने कराव्यात. शिवाय संसर्गानंतरचे पहिले सहा महिने दोन्हींत काहीच आढळत नाही. तेव्हा एकदा निर्दोष ठरलेल्या कुत्र्याचीही दरवर्षी तपासणी हवी.

दर महिन्याला देण्याचे प्रतिबंधक औषध कोवळ्या अळ्यांना मारते. प्रौढ कृमींवर ते पुरेसे पडत नाही. रक्तात पिल्ले पुष्कळ असताना ते दिले, तर ती एकदम मरून कुत्र्याला जबर धक्का बसू शकतो. म्हणून सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याला हे औषध प्रथमच देताना रक्त आधी तपासावे. प्रौढ कृमींवर इंजेक्शने आहेत. पण मेलेले कृमी फुफ्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात, म्हणून कित्येक आठवडे कुत्र्याची धावपळ पूर्ण थांबवावी लागते. एवढ्या कष्टापेक्षा रक्ताचे चार थेंब स्वस्त नव्हेत काय?

पुढच्या वेळी लस टोचावयास जाल, तेव्हा पशुवैद्यांना या तपासणीविषयी अवश्य विचारा, एवढीच आमची वाचकांस विनंती. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते विचारण्याचे काम आपले.